यजमान संघाचे सामने मुलींच्या संघाने कसे पाहावेत

ज्या देशात खंडीय स्पर्धा भरते, त्या देशाच्या महिला संघाचे सामने फुटबॉल शिकणाऱ्या मुलींसाठी उत्तम शिकवणी ठरतात. मात्र त्यासाठी टीव्ही नुसता लावून भागत नाही, आधी तयारी करावी लागते. नवी मुंबईत बारा ते सोळा वर्षांच्या मुलींना शिकवताना जी पद्धत हळूहळू आमच्या हाती बसली, ती येथे सांगत आहे. शाळेचे क्रीडाशिक्षक, छोट्या क्लबांचे प्रशिक्षक आणि सोसायटीतल्या मुलींना एकत्र आणणारे पालक यांना ती वापरता येईल. साहित्य थोडेच लागते: मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर, प्रत्येक मुलीसाठी शंभर पानी वही, पेन्सिली, भिंतीवर लावायला एक कार्डशीट आणि पूर्ण नव्वद मिनिटांचा सामना. हायलाइट्स दाखवू नयेत, हे मी आग्रहाने सांगते. दहा मिनिटांच्या चित्रफितीत गोल दिसतो, पण त्याआधीची वीस मिनिटे मधल्या फळीतली खेळाडू आपली जागा कशी सोडत गेली हे दिसत नाही, आणि आपल्याला शिकवायचे असते ते नेमके तेच.

यजमानच का

यजमान संघाला सहसा पात्रता फेरी खेळावी लागत नाही. वरवर ही सवलत वाटते, पण तिची दुसरी बाजू अशी की इतर संघ पात्रतेसाठी झगडत असताना यजमान संघाच्या वाट्याला बहुतांशी मैत्रीपूर्ण सामनेच येतात, आणि स्पर्धा सुरू होताच पहिल्याच दिवशी साऱ्या देशाची नजर अंगावर घेऊन त्याला मैदानात उतरावे लागते. त्यामुळे कौशल्य आणि दडपण एकाच वेळी पाहायचे असेल, तर यजमान संघासारखा दुसरा संघ नाही. शालेय स्पर्धा आपल्याच शाळेच्या मैदानावर असली की आपल्या मुलींचे पाय कसे जड होतात, हे प्रत्येक प्रशिक्षकाने पाहिलेले असते.

सामने निवडताना वेगवेगळ्या तऱ्हेचे यजमान घ्यावेत. २०२२ चा युरो, म्हणजे युरोपची महिला स्पर्धा, इंग्लंडने आपल्या घरी जिंकला; वेम्ब्लीवरच्या अंतिम सामन्याला ८७,१९२ प्रेक्षक होते आणि जादा वेळेत जर्मनीवर २-१ असा विजय मिळाला. २०२५ च्या युरोचे यजमान स्वित्झर्लंड उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले आणि स्पेनकडून ०-२ असे हरले. शिकवण्याच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मोरोक्को. आफ्रिकेची महिला स्पर्धा या देशाने २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये भरवली, दोन्ही वेळा त्यांचा संघ अंतिम फेरीत गेला आणि दोन्ही वेळा एका गोलाने हरला: आधी दक्षिण आफ्रिकेकडून १-२, नंतर नायजेरियाकडून २-३. यातला दुसरा सामना पुढे सविस्तर घेतला आहे, कारण एका सामन्यातून इतके काही शिकवता येईल असा दुसरा अंतिम सामना माझ्या पाहण्यात नाही.

भारताचा अनुभव टाळू नये

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सराव पाहायला किंवा सामन्याला गेलेली प्रत्येक मुलगी कधी ना कधी विचारते की आपला देश यजमान होता तेव्हा काय झाले. याचे उत्तर सरळ आणि पूर्ण द्यावे. आशियाई महिला चषक २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याचे बालेवाडी येथे झाला. पहिल्याच दिवशी नेरुळला भारताने इराणशी ०-० अशी बरोबरी केली. २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी सामना होता, पण संघात कोरोनाची लागण पसरल्यामुळे नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान १३ खेळाडूंची नावे देणे भारताला शक्य झाले नाही. संघाने माघार घेतली असे मानले गेले आणि इराणबरोबरचा निकालही रद्द झाला. पुढे त्याच मैदानावर चीनने दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ असा विजय मिळवून चषक नेला. मुलींना हे सांगताना मी आवाज हळू करत नाही. त्या खेळाडूंनी वर्षानुवर्षे केलेली मेहनत एका सामन्यावर संपली. याचे दुःख मुलींना कळले पाहिजे.

याच ठिकाणी संघाच्या पटसंख्येचा धडाही देता येतो. फुटबॉलच्या नियमांनुसार मैदानावर सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही. आपल्या शालेय संघात अकरा मुली आणि दोन राखीव असा काठावरचा हिशेब असतो, आणि ताप, परीक्षा, गावची जत्रा यांपैकी एक काही निघाले की संघ मोडतो. त्यामुळे सोळा-अठरा मुलींना नियमित सराव द्यावा आणि जी आज बाकावर आहे तिलाही दोन जागा खेळता याव्यात, हे आम्ही २०२२ नंतर ठरवून केले.

भारत याआधीही या स्पर्धेचा यजमान होता, हे पालकांनाही माहीत नसते. जानेवारी १९८० मध्ये ही स्पर्धा कालिकतला भरली होती आणि भारत उपविजेता ठरला होता. १९८३ मध्ये बँकॉकलाही भारताने दुसरा क्रमांक मिळवला. ही दोन वर्षे कार्डशीटच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत.

आधी भिंतीवरचा तक्ता

स्पर्धा सुरू होण्यापूर्वी एक दिवस गट आणि गुणांचे गणित समजावण्यासाठी ठेवावा. बारा संघांच्या स्पर्धेत चारचार संघांचे तीन गट असतात, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांतले दोन उत्तम असे आठ संघ पुढे जातात. गुण समान झाल्यास आशियाई स्पर्धेत आधी त्या दोन संघांमधला सामना पाहिला जातो, एकूण गोलफरक नंतर येतो. इतर खंडांत क्रम वेगळा असू शकतो, त्यामुळे त्या त्या स्पर्धेचा नियम आधी वाचून घ्यावा.

हे तोंडी सांगितले तर मुली विसरतात. त्यांना २०२२ च्या आशियाई चषकाचे उदाहरण सोडवायला द्यावे. भारत बाहेर पडल्यामुळे अ गटात तीनच संघ उरले, म्हणून तिसऱ्या क्रमांकांची तुलना करताना इतर दोन गटांतील तळाच्या संघाविरुद्धचे निकाल बाजूला ठेवावे लागले. तसे केल्यावर इराण, थायलंड आणि व्हिएतनाम या तिघांचेही गुण शून्य उरतात आणि निर्णय गोलफरकावर येतो. थायलंड ऑस्ट्रेलियाकडून १-२ आणि फिलिपिन्सकडून ०-१ असा हरला होता, व्हिएतनाम जपान आणि दक्षिण कोरिया या दोघांकडूनही ०-३ असा, तर इराण चीनकडून ०-७ आणि चायनीज तैपेईकडून ०-५ असा. मुलींनी वजाबाकी करून उणे २, उणे ६ आणि उणे १२ हे आकडे स्वतः काढले पाहिजेत. मग त्यांना सांगावे की त्या उणे सहावर पुढे गेलेला व्हिएतनामचा संघ नंतरच्या प्लेऑफमधून २०२३ च्या विश्वचषकाला पहिल्यांदाच पात्र ठरला. तीन गोलांनी हरत असताना चौथा गोल अडवण्यासाठी शेवटपर्यंत का धावायचे, हे यानंतर आमच्या बचावपटूंना कधी सांगावे लागले नाही.

तक्त्यावर सामन्यांच्या वेळा भारतीय वेळेनुसार लिहाव्यात. जुलैमध्ये मोरोक्को आपल्यापेक्षा साडेचार तास आणि स्वित्झर्लंड साडेतीन तास मागे असतो, म्हणजे स्वित्झर्लंडमधला रात्री नऊचा सामना आपल्याकडे साडेबाराला सुरू होतो. मार्चमध्ये सिडनी साडेपाच तास पुढे असल्याने तिथला रात्री आठचा सामना आपल्याकडे दुपारी अडीचला येतो, पण तेव्हा परीक्षा असतात. मध्यरात्रीचा सामना लहान मुलींना थेट दाखवू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पूर्ण सामना दाखवावा, साडेआठपर्यंत संपवावा आणि निकाल कोणी सांगायचा नाही असे आधी ठरवून घ्यावे. जुलैमध्ये मैदानावर चिखल असतो, सराव बुडतोच, त्यामुळे पावसाळ्यातल्या स्पर्धा या कामासाठी सोयीच्या पडतात. पालकांची लेखी संमती, घरी सोडण्याची व्यवस्था आणि खोलीत एक मोठी स्त्री उपस्थित असणे या तीन गोष्टींवर तडजोड करू नये.

वही कशी लिहून घ्यावी

सुरुवातीला मी प्रत्येक मुलीला वीस रकान्यांचा छापील तक्ता दिला होता. पास किती, टॅकल किती, कॉर्नर किती, असे सगळे त्यात होते. मुलींनी सामनाभर माना खाली घालून रकाने भरले आणि शेवटी कुठला संघ कसा खेळला हे एकीलाही सांगता आले नाही. त्यानंतर रकाने तीनच ठेवले: मिनिट, तिने काय केले, तेव्हा चेंडू कुठे होता.

यातली ‘ती’ म्हणजे यजमान संघातली एकच खेळाडू. प्रत्येक मुलीने स्वतःच्या जागेवर खेळणारी खेळाडू निवडावी. डाव्या बगलेवर खेळणाऱ्या मुलीने डाव्या बगलेवरचीच. पहिल्या अर्ध्यात चेंडू कुठेही असो, नजर तिच्यावर ठेवावी. टीव्हीच्या चौकटीतून ती खेळाडू वारंवार बाहेर जाते, त्या वेळी ‘दिसली नाही’ असे लिहावे. ही नोंद निरुपयोगी नाही. बचावपटू बराच वेळ दिसली नाही आणि मग अचानक गोलक्षेत्रात अगदी योग्य जागी उभी दिसली, तर मधल्या काळात तिने काय केले असेल, यावर नंतर पंधरा मिनिटे बोलता येते. गोलरक्षक मुलींची वही सर्वांत रिकामी राहते, म्हणून त्यांना वेगळे काम द्यावे: गोलकिक किंवा हातात आलेला चेंडू गोलरक्षकाने कोणाकडे दिला, आणि पुढच्या तीन पासनंतर तो आपल्याच संघाकडे होता का.

पहिल्या दहा मिनिटांत एकच गोष्ट मोजायची असते. चेंडू मिळण्याआधी त्या खेळाडूने मान वळवून मागे किती वेळा पाहिले? आमच्या मुली मैदानावर एकमेकींना ‘मॅन ऑन’ (मागे प्रतिस्पर्धी आहे), ‘टाइम’ (तुला वेळ आहे), ‘स्विच’ (चेंडू दुसऱ्या बाजूला दे) असे ओरडून सांगतात, पण स्वतः मागे वळून पाहण्याची सवय त्यांना नसते. मोठ्या संघातली मध्यरक्षक सतत मान फिरवत असते हे एकदा स्वतः मोजले की पुढच्या सरावात फरक दिसू लागतो. माझ्या मते संपूर्ण वहीतली ही सर्वांत उपयोगी नोंद आहे. वेळ कमी असेल तर बाकी सगळे सोडून एवढीच घ्यावी.

मध्यंतराची पंधरा मिनिटे वाया घालवू नयेत. समालोचकांचा आवाज बंद करावा आणि प्रत्येक मुलीने यजमान संघाची प्रशिक्षक होऊन दोन ओळी लिहाव्यात: कोणाला बदलायचे आणि का, आणि दुसऱ्या अर्ध्यात कोणती एक गोष्ट वेगळी करायची. लिहून झाल्यावर वही मिटायची, नंतर खाडाखोड नाही. या निमित्ताने २०२२ च्या इंग्लंड संघाची गोष्ट सांगावी. प्रशिक्षक सरिना विगमन यांनी स्पर्धेतल्या सहाही सामन्यांत पहिली अकरा नावे तीच ठेवली, आणि अंतिम सामन्यातले दोन्ही गोल मात्र बाकावरून आलेल्या एला टून आणि क्लोई केली यांनी केले. राखीव मुलींना हे सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे.

दोन शून्यची आघाडी

आता २६ जुलै २०२५ चा रबातमधला अंतिम सामना. निकाल आधी सांगू नये. मोरोक्कोची कर्णधार घिजलान शेबाक हिने १२ व्या मिनिटाला पहिला गोल केला, २४ व्या मिनिटाला सना मसूदीने दुसरा. मध्यंतराला बहुतेक मुली वहीत ‘काहीही बदलू नये’ असे लिहितात. दुसऱ्या अर्ध्यात ६४ व्या मिनिटाला नायजेरियाला पेनल्टीवर पहिला गोल मिळतो, ७१ व्या मिनिटाला बरोबरी होते आणि ८८ व्या मिनिटाला जेनिफर एचेगिनीच्या गोलाने घरच्या प्रेक्षकांसमोर चषक हातचा जातो. नायजेरियाचे ते दहावे विजेतेपद होते.

हा सामना संपल्यावर लगेच चर्चा करू नये, कारण मुली हळव्या झालेल्या असतात आणि कोणा एका खेळाडूला दोष देऊन मोकळ्या होतात. दुसऱ्या दिवशी ४६ ते ६४ ही मिनिटे पुन्हा लावावीत आणि दोनच प्रश्न विचारावेत. मोरोक्कोची बचावफळी पहिल्या अर्ध्याच्या तुलनेत किती मागे सरकली आहे? आणि त्यांनी दूर मारलेला चेंडू कोणाला मिळतो? उत्तर मुलींनी स्वतः पाहून द्यायचे, आपण सुचवायचे नाही.

त्यानंतरच्या सरावात हीच परिस्थिती उभी करावी. अर्ध्या मैदानावर सात विरुद्ध सात मुली, एक संघ २-० ने पुढे, आणि सहासहा मिनिटांचे तीन टप्पे. आघाडीवरच्या संघाने दिशा न पाहता चेंडू नुसता लांब मारला, तर जिथून मारला तिथूनच प्रतिस्पर्ध्याला थ्रो-इन द्यायचा. सलग पाच पास केले, किंवा कॉर्नरच्या कोपऱ्यात चेंडू राखून समोरचीकडून थ्रो-इन मिळवला, तर एक गुण. शेवटच्या टप्प्यात पिछाडीवरच्या संघाला एक जादा खेळाडू द्यावी, कारण दमलेल्या पायांना मैदान तसेच वाटते. मग बाजू बदलून पुन्हा खेळावे. पहिल्यांदा हा खेळ लावला की आघाडीवरचा संघ बहुधा हरतो. प्रशिक्षकाने मध्ये थांबवू नये.

भारत-इराण सामन्यावरून दुसरा सराव आखता येतो. इराणचा तो या स्पर्धेतला पहिलाच सामना होता, त्यांच्या मुली खोल बचाव करत होत्या आणि संधी मिळूनही भारताला गोल सापडला नाही. पाच बचावपटू आणि गोलरक्षक यांच्याविरुद्ध सहा मुली ठेवाव्यात आणि चेंडू एकदा तरी एका बगलेकडून दुसऱ्या बगलेकडे गेल्याशिवाय शॉट मारायचा नाही असा नियम करावा. मुली कंटाळतात, मधूनच घुसू पाहतात. त्यांचा हा उतावीळपणाच या सरावाचा विषय आहे.

स्टेडियममध्ये नेताना

नेरुळला फुटबॉलचा मोठा सामना असेल तर एकदा तरी प्रत्यक्ष न्यावे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गावर पनवेल किंवा नेरुळची गाडी पकडावी. वाशीची गाडी पकडल्यास मध्ये बदलावे लागते. सामना संपल्यावर फलाटावर गर्दी उसळते, म्हणून चारचार मुलींचा गट आणि प्रत्येक गटाला एक मोठी व्यक्ती ठेवावी, हजेरी स्टेडियमच्या दारात आणि फलाटावर अशी दोनदा घ्यावी. आसने शक्यतो वरच्या मजल्यावर, मैदानाच्या मध्याजवळ घ्यावीत. खालच्या रांगेतून चेहरे जवळून दिसतात, पण संघाची रचना वरूनच दिसते, आणि टीव्हीवर ‘दिसली नाही’ अशी राहिलेली खेळाडू येथे नव्वद मिनिटे डोळ्यांसमोर असते. तासभर आधी पोहोचून वॉर्म-अप पाहावा.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे शेवटचे दोन सामने येथेच झाले: नायजेरियाने जर्मनीला ३-३ नंतर पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे नमवून विश्वचषक जिंकला. आपल्याच वयाच्या मुली एवढ्या मैदानावर एकमेकींना कशा आधार देतात, हे त्या दिवशी दिसले. आजच्या लहान मुलींना मात्र हे स्टेडियम २ नोव्हेंबर २०२५ मुळे माहीत आहे, कारण हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक याच मैदानावर, यजमान म्हणून जिंकला. फुटबॉलच्या वर्गातही ही आठवण जरूर काढावी. घरच्या प्रेक्षकांचा आवाज पेलता येतो याचा तो आपल्या शहरातला पुरावा आहे.

मालिकेतला शेवटचा सामना

यजमानांचे तीन-चार सामने झाल्यावर शेवटी एक सामना उलट बाजूने पाहावा. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारत पाहुणा होता आणि गटाचा यजमान थायलंड होता. भारताने तो सामना २-१ असा जिंकला, दोन्ही गोल संगीता बासफोरने केले, आणि पात्रता फेरी खेळून या स्पर्धेत जागा मिळवण्याची भारतीय महिला संघाची ती पहिलीच वेळ ठरली. २०२२ मध्ये यजमान म्हणून मिळालेली जागा आणि ही मैदानावर मिळवलेली जागा यांतला फरक मुलींनी स्वतःच्या शब्दांत वहीच्या एका पानावर लिहावा. यावेळी खेळाडू निवडताना नियम बदलायचा: प्रत्येकीने थायलंडची, म्हणजे यजमानांची, आपल्या जागेवरची खेळाडू निवडायची आणि भारताने तिला काय करू दिले नाही ते टिपायचे.

वह्या घरी पाठवू नयेत. त्या क्लबच्या कपाटात ठेवाव्यात आणि जूनमध्ये नव्या मुली आल्या की त्यांच्या जागेची जुनी वही त्यांच्या हाती द्यावी.